कलेची कपाटं काढू नका, वर्ग तिथेच भरवा

प्रश्न असा आहे. मुंबईच्या उपनगरातल्या एका कला-वाणिज्य महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या ग्रंथपाल विचारतात: "प्राचार्यांनी दोन कामं सांगितली आहेत. प्रथम वर्षाच्या मुलांसाठी माहिती साक्षरतेचा वर्ग सुरू करायचा. आणि नाटक, संगीत, चित्रकला, लोककला यांची चार कपाटं कोणी उघडत नाही, ती काढून तिथे स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी टेबलं टाकायची. वर्गात नेमकं काय शिकवू? आणि कपाटांचं काय करू?"

माझं मत आधीच सांगून टाकते. कपाटं काढू नका, आणि वर्ग त्याच कपाटांच्या जिवावर घ्या. देवघेव काउंटरपासून ग्रंथपालाच्या खुर्चीपर्यंत सगळीकडे बसून झालंय, त्यामुळे हे निव्वळ पुस्तकप्रेमातून आलेलं मत नाही.

माहिती साक्षरतेचा, म्हणजे माहिती शोधायला आणि पारखायला शिकवायचा, वर्ग बहुतेक कॉलेजांत कसा होतो ते तुम्ही पाहिलंच असेल. सेमिनार हॉल, प्रोजेक्टर, एन-लिस्ट या ई-नियतकालिकांच्या सेवेचं लॉगिन, शोधशब्द जोडायच्या 'अँड-ऑर-नॉट'ची एकमेकांत अडकलेली वर्तुळं, शोधगंगा या प्रबंधांच्या साइटची एक झलक. मग हजेरीपटावर सह्या आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी फोटो. मुलं पायऱ्या उतरेपर्यंत पासवर्ड विसरतात. यात त्यांचा काही दोष नाही. ज्याला अजून प्रश्नच पडलेला नाही, त्याला शोधायची साधनं दाखवून काय उपयोग?

जनगणनेच्या हिशोबाने सात वर्षांवरच्या ज्या माणसाला कुठल्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येतं तो साक्षर. आपल्याकडे प्रवेश घेणारं प्रत्येक मूल ही पायरी केव्हाच चढून आलेलं असतं. त्याला नसते ती सवय: हे कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, कधी, आणि त्याला तरी कसं कळलं, असं विचारायची. पाठ्यपुस्तकातून ही सवय लागत नाही, कारण पाठ्यपुस्तकाला असं काही विचारायचं नसतं हे मुलं दहावीपर्यंत पक्कं शिकलेली असतात. जुना फोटो, पोवाडा, नाटकाची जाहिरात यांच्यापुढे मात्र ती दबून बसत नाहीत. मराठी माध्यमातून आलेली आणि इंग्रजी डेटाबेस उघडला की खाली मान घालणारी मुलगीही फोटो पाहून बोलायला लागते.

म्हणून पहिला तास फोटोंचा घ्या. प्रत्येकाला फोनवर आलेला एखादा 'जुन्या मुंबईचा' फोटो आणायला सांगा. त्याखाली कुणीतरी ठोकून दिलेलं एक साल असतंच. ते खरं की खोटं, हे फोटोतल्या वस्तूंवरून ठरवायचं. राजाबाई टॉवर दिसतोय का? तो १८७८ साली पूर्ण झाला, म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. बोरीबंदर स्टेशनची आजची इमारत पुरी झाली १८८८ मध्ये. स्टेशन आहे पण समोर महापालिकेची इमारत नाही? मग फोटो १८९३ च्या आधीचा असेल, किंवा कॅमेराच अशा जागी असेल की ती इमारत चौकटीत आली नाही. हा 'किंवा' मुलांच्या तोंडून निघेपर्यंत गप्प बसा. अख्ख्या तासाची कमाई त्यात आहे. ताज हॉटेल १९०३ चं. घोड्यांची ट्राम १८७४ पासून, विजेची १९०७ पासून, आणि १९६४ च्या मार्चनंतर मुंबईत ट्रामच नाही. एवढ्या सहा-सात सालांवर मुलं अर्ध्याअधिक फॉरवर्डांची तारीख पाडून दाखवतात.

गेटवेचं उदाहरण मी दरवर्षी वापरत आले. राजा पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर उतरला. त्या भेटीची आठवण म्हणून गेटवे बांधला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे 'गेटवेतून आत येणारे राजा-राणी, १९११' अशी ओळ वाचली की कुणाला खटकत नाही. पण गेटवे खुला झाला १९२४ मध्ये. राजा आला तेव्हा बंदरावर तात्पुरता मंडप होता. म्हणजे माहिती खरी, फोटोही कदाचित खरा, आणि दोघांची जोडी खोटी. आजकालच्या खोट्या बातम्यांपैकी बऱ्याच याच घाटाच्या असतात, आणि हे न सांगताही मुलांच्या लक्षात येतं.

याच तासाला संगीत नाटकाच्या कपाटातून बालगंधर्वांचा शालूतला एखादा फोटो काढा आणि नाव झाकून फिरवा. ही अभिनेत्री कोण, असा अंदाज सुरू होतो. नारायण श्रीपाद राजहंस हे नाव उघड केलं की वर्ग हसतो. फोटोत सगळं स्पष्ट दिसत असूनही त्या काळी स्त्रीभूमिका पुरुष करत, हे बाहेरून माहीत असल्याशिवाय तो फोटो वाचता येत नाही. ती 'बाहेरची' माहिती कुठे मिळते? त्याच कपाटात, दोन खण खाली. तिथेच मुलांना उठवून पाठवा.

दुसरा तास पोवाड्याचा. इथे थोडं रेंगाळा. अण्णा भाऊ साठे यांचं शाळेतलं शिक्षण नावापुरतंच झालं होतं. गिरणगावात राहून, राबून ते लिहिते झाले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. त्याच्या थोडं आधी, स्टालिनग्राडची लढाई ताजी असताना, त्यांनी तिच्यावर पोवाडा रचला. आता मुलांना विचारा: लालबाग-परळच्या चाळीतल्या, वर्तमानपत्र न वाचता येणाऱ्या कामगाराला व्होल्गा नदीकाठच्या शहरात काय झालं ते कसं कळलं असेल? साक्षरता, माहिती आणि कला हे तीन विषय विद्यापीठात तीन विभागांत असतात. डफावर थाप पडली की तिथे ते एकाच माणसाच्या गळ्यात होते.

इथपर्यंत मुलं भारावतात. तिथेच थांबलात तर तास स्नेहसंमेलनात जमा. पुढचा प्रश्न टाका: ही बातमी आहे की प्रचार? १९४२ च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवरून 'चले जाव'ची हाक गेली होती, काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते. जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला केल्यावर कम्युनिस्ट पक्षाने मात्र या युद्धाला लोकयुद्ध मानलं होतं. शाहीर त्या पक्षाचे. मग त्याच कामगाराला त्याच सुमारास दुसऱ्या फडावरून वेगळं काही ऐकू येत असेल का? पोवाड्यात काय आलं आणि काय गळलं? मुलांची दोन्ही बाजूंनी भांडणं होतात, होऊ द्या. पोवाडा उत्तम आहे आणि तो एका बाजूने बोलतो, ही दोन वाक्यं एका दमात म्हणता येणं हेच मला त्यांच्याकडून हवं असतं. डेटाबेसच्या प्रात्यक्षिकातून हे साधलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

तृतीय वर्षाच्या मुलांसाठी हाच खेळ कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवध'वर खेळता येतो. नाटक १९०७ चं, कथा महाभारतातली, आणि १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता, सरकारलाही तोच दिसला. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० च्या आपल्या पुस्तकात या नाटकाविषयी लिहिलंय, आणि ते पुस्तक आज इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतं. संहिता एका हातात, चिरोलचा उतारा दुसऱ्या हातात. संहितेत कर्झनचं नावही नाही, मग सरकारने नक्की काय वाचलं? यावर मुलं पानंच्या पानं लिहितात, आणि ती कुठून उतरवता येत नाहीत.

उतरवण्यावरून चॅटबॉटकडे येते, कारण तुमच्या प्राचार्यांना वर्ग हवाय तो मुख्यतः त्याच धास्तीने, असा माझा तर्क आहे. प्रकल्पाच्या शेवटी संदर्भसूची येते: लेखक खरे, मासिक खरं, लेख मात्र पृथ्वीतलावर नाही. मराठीत हे इंग्रजीपेक्षा जास्त होतं, आणि त्याचं कारण मुलांना सांगायला हवं. आपली मासिकं, स्मरणिका, दिवाळी अंक फार थोडे स्कॅन झालेत. जे झालेत त्यातले पुष्कळसे नुसते पानांचे फोटो आहेत, त्यातली अक्षरं शोधता येत नाहीत. संगणकावर जुळवलेला मजकूरही युनिकोड येण्याआधीच्या फाँटांत अडकलेला. यंत्राला जे दिसलेलं नाही तिथे ते खरं वाटेल असं नाव जुळवून देतं. पकडायचं कसं? 'सत्यकथा' मासिक १९८२ मध्ये बंद पडलं हे माहीत असलेल्या माणसापुढे १९८७ च्या 'सत्यकथे'तला लेख ठेवून पाहा. ते माहीत नसलेल्याने काय करायचं, तर नियतकालिकांच्या नोंदी उघडायच्या. मासिक त्या साली चालू होतं का, वर्ष-अंक जुळतात का, पान क्रमांक त्या अंकाच्या पृष्ठसंख्येत बसतो का. चॅटबॉट वापरू नका असं मी सांगत नाही, कुणी ऐकणारही नाही. सूचीतला कुठलाही एक संदर्भ मी बोट ठेवून निवडेन आणि तो छापील किंवा स्कॅन रूपात माझ्यासमोर आणायचा, एवढी अट घालते. कुठला निवडेन ते माहीत नसल्याने मुलं सगळेच तपासतात.

नाटकावर प्रकल्प करणाऱ्यांसाठी आणखी एक. मुंबईच्या मराठी दैनिकांतलं नाटकांच्या जाहिरातींचं पान हा फार भरवशाचा दस्तऐवज आहे. नाट्यगृह, वार, वेळ, कितवा प्रयोग, कधी कलावंत बदलला, सगळं तिथे असतं. आत्मचरित्रात 'त्या वर्षी शिवाजी मंदिरला आम्ही धुमाकूळ घातला' असं वाचलं की जाहिरातींच्या पानावर मोजून घ्यायचं. दैनिकांच्या जुन्या फायली तुमच्याकडे नसतील तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा एशियाटिकमध्ये चौकशी करायला मुलांना पत्र देऊन पाठवा. पत्र लेटरहेडवर, विषय स्पष्ट लिहून द्या, नाहीतर पोरं दारातूनच परत येतात.

आता कपाटं कोणी का उघडत नाही ते. 'मुलांना कलेत रस नाही' हे स्टाफरूममधलं उत्तर सोडून द्या. निम्मी चूक आपल्या तालिकेची, म्हणजे कॅटलॉगची असते. विषयाला आकडा देऊन पुस्तकाची जागा ठरवणाऱ्या ड्युई वर्गीकरणात मराठी नाटकाची संहिता जाते ८९१.४६२ ला, रंगभूमीवरचं पुस्तक ७९२ ला. लावणी कविता मानली तर ८९१.४६१, लोकसंगीत मानलं तर ७८१.६२, नृत्य मानलं तर ७९३.३, आणि लोकसाहित्य म्हणून ३९८ आहेच. ज्या वर्षी ज्या ग्रंथपालाला जे वाटलं तिथे पुस्तक गेलं. त्यामुळे तमाशावर काम करणाऱ्या मुलीची पुस्तकं चार मजली घरासारखी वरखाली विखुरलेली असतात, आणि तिला एकच मजला दिसतो. पुस्तकं हलवत बसू नका, तो जन्माचा धंदा होईल. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये विषयशीर्षकं वाढवा. एका पुस्तकाला ६५० चं, म्हणजे विषयाच्या रकान्याचं, टॅग एकदाच लावायचं असा काही कायदा नाही. तमाशा, लावणी, लोकनाट्य, शाहिरी हे शब्द मराठीत टाका, कारण मुलगी शोधताना तेच टाइप करणार आहे.

नावांचंही तसंच. कविता कुसुमाग्रजांच्या, नाटकं वि. वा. शिरवाडकरांची. कविता गोविंदाग्रजांच्या, नाटकं राम गणेश गडकऱ्यांची, विनोदी लेख बाळकरामांचे. आपल्याला हे इतकं पाठ असतं की प्रथम वर्षाच्या मुलाला ते ठाऊक नसेल हे सुचतच नाही. अथॉरिटी रेकॉर्डमध्ये, म्हणजे नावांच्या प्रमाण नोंदीत, ५०० च्या रकान्याने ही नावं एकमेकांना जोडून टाका.

तिसरी भानगड शुद्धलेखनाची. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं', 'केलें' असे अनुच्चारित अनुस्वार आहेत, आणि नोंद करणाऱ्याने शीर्षक जसंच्या तसं घेतलंय. ते बरोबरच केलं. पण मूल टाइप करतं 'काही', आणि ओपॅक, म्हणजे शोधायचा संगणकीय कॅटलॉग, म्हणतं, नाही. २४६ मध्ये, म्हणजे पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात, आजच्या लेखनाप्रमाणे शीर्षक जोडा. कंटाळवाणं काम आहे, उन्हाळी सुट्टीत एखाद्या अटेंडंटला शेजारी बसवून उरकता येतं. आणि वर्गातही सांगा की जुनं काही शोधायचं तर अनुस्वार देऊनही शोधून पाहा. ही युक्ती विश्वकोशापासून गॅझेटिअरपर्यंत कुठेही लागू पडते, मुलांना ती जादूसारखी वाटते.

इतकं करून कपाटांना काच आणि कुलूप असेल तर सगळं फुकट. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्येच पुस्तकं वापरासाठी आहेत असं म्हणून ठेवलंय, तरी आपल्याकडे चिठ्ठी लिहून द्या, शिपाई आणून देईल, हा प्रकार संपलेला नाही. भीती खरी आहे: स्टॉक व्हेरिफिकेशनमध्ये पुस्तक कमी आलं की ग्रंथपालाच्या खिशाकडे बोट. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, देवघेव झालेल्या किंवा पाहिल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं वर्षाला गहाळ होणं वाजवी धरलंय, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. तुमच्या कॉलेजला तो नियम थेट लागू असो-नसो, ग्रंथालय समितीपुढे तो ठेवून इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि कुलपं काढा.

राहिली टेबलं. स्पर्धा परीक्षावाल्या मुलांना नाकं मुरडणारे आपल्यात बरेच आहेत. मी त्यातली नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे अभ्यासाला जागा मिळणं ही या शहरात चैन आहे, आणि ती जागा द्यायचं काम लायब्ररीचंच आहे. फक्त ती कलेच्या कपाटांतून काढू नका. दाखल नोंदवही घेऊन फिरा: रद्द झालेल्या अभ्यासक्रमांच्या क्रमिक पुस्तकांच्या पाच-पाच, दहा-दहा प्रती, कालबाह्य संगणक-पुस्तकं, जुन्या करकायद्यांची मार्गदर्शकं, बांधीव प्रश्नपत्रिका. वाणिज्य विभागाच्या सह्या घेऊन हे रीतसर रद्दबातल करा. चार कपाटांची जागा यातच निघते, बहुतेक ठिकाणी जास्तच.

रद्दी काढताना दिवाळी अंकांना हात लावू देऊ नका. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने सुरू केलेल्या या प्रथेत मराठीतलं किती चित्रकाम आणि किती नाट्यसमीक्षा पडून आहे याची धड सूचीही नाही. कॉलेजांत मात्र वर्ष संपलं की अंक किलोवर जातात. नाट्यसंमेलनांच्या स्मरणिका, प्रदर्शनांचे कॅटलॉग, छबिलदाससारख्या ठिकाणच्या प्रयोगांची पत्रकं, कुणा प्राध्यापकाने निवृत्त होताना दिलेला गठ्ठा, हेही तसंच. त्यांना आयएसबीएन नसतो, म्हणून अनेकदा दाखल नोंदवहीत जागाच मिळत नाही. निदान एका वहीत साधी यादी करा. संदर्भसूचीतल्या खोट्या लेखाला तोंड द्यायला पुढे हेच कागद उपयोगी येणार आहेत.

प्राचार्यांकडे जाताना टिपण एका पानाचं न्या. त्यात 'वारसा', 'संस्कृती', 'वाचनसंस्कृती' हे शब्द नकोत, ते वाचून माणूस पान उलटतो. जागेचा तक्ता द्या: काय निघतंय, किती रॅक मोकळे होतात, किती टेबलं बसतात. खाली वर्गाची आखणी द्या, तासागणिक कुठली पुस्तकं वापरणार ते कपाट क्रमांकासह. कपाट क्रमांक विसरू नका. ज्या कपाटावर वेळापत्रकात तास लागलाय ते हलवायला निघालेल्या माणसाला आधी वेळापत्रक बदलावं लागतं, आणि जुलैत ते कोणीच बदलत नाही.